आडनाव एक्स्पोसितो

९ नोव्हेंबर, रविवार

वरच्या मजल्यावर भाडेकरू आला. स्पेनचा! गोविंदपुऱ्यात गिरीशच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायचं नवं मशीन बसतंय, ते चालू करून द्यायला तिकडून आलेला इंजिनियर. हॉटेलचं खाऊन त्याचं पोट बिघडलं म्हणून गिरीश त्याला सरळ घरीच घेऊन आला. मला आधी विचारलं नाही. आणल्यावर विचारलं, "आई, चालेल ना?" माणूस बॅग घेऊन दारात उभा असताना चालणार नाही असं कोण म्हणतं?

नाव रामिरो. पन्नाशीचा असेल. टक्कल, जाड भुवया, बोलताना हात सारखे हवेत. मी मनातल्या मनात त्याचा रामराव करून टाकला.

गिरीशचं ऐकून तोही मला "आई" म्हणाला आणि स्वतःच हसायला लागला. त्यांच्याकडे काही लागलं-खुपलं की "आय" म्हणून ओरडतात म्हणे. मग काय वेगळं? ठेच लागल्यावर आपण तरी कुणाला हाक मारतो!

१२ नोव्हेंबर

साधं वरण, भात, तूप, लिंबू. रामराव पुन्हा पुन्हा घेत होते. पूजा म्हणाली, "आई, तुम्ही एवढा आग्रह मला कधी केला नाही." हसत म्हणाली, पण म्हणाली. सुनेला आग्रह केला की ती "बस, बस" करते, म्हणून मीच सोडून दिला. कधी सोडला ते आठवत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

ग्वाल्हेरहून सुभाषभावजींचा फोन. टाकसाळे घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय, भोपाळच्या शाखेची माहिती ते गोळा करतायत. आधी तब्येत, मग थंडी, मग, "वहिनी, गिरीशच्या नावापुढं काय लिहू? निःसंतान लिहू की जागा रिकामी सोडू?"

मी शेंगदाणे भाजत होते. म्हटलं, "रिकामी सोडा." फोन स्पीकरवर होता, मला अलीकडे कमी ऐकू येतं. मागे वळले तर पूजा उभी. ऐकलं असणारच. पाण्याची बाटली भरली आणि गेली. दाणे करपले.

गिरीश-पूजानं मूल दत्तक घ्यायला नाव नोंदवून तीन वर्षं होऊन गेली. सगळं सरकारी वेबसाइटवर असतं. नंबर पुढं सरकतो म्हणतात. मी आजवर ना हो म्हटलं, ना नाही. या पानावर लिहायला काय हरकत आहे? मला नको आहे. कुणाचं, कुठलं, कसल्या घरातलं, काहीच ठाऊक नसलेलं मूल. तोंडानं मी हे कधी बोलले नाही. पण पूजाला माझं न बोललेलंच जास्त ऐकू येतं.

मनाची एक समजूत मात्र करून ठेवलीय. अगदी तान्हं मिळालं तर पूजानं काही महिने नागपूरला माहेरी राहावं आणि बाळ घेऊन यावं. लोक काय समजायचं ते समजतील. पुढं त्या बाळालाही सांगायची काय गरज? माझं हे गणित मी दोघांना अजून सांगितलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज जेवताना आडनावांवरून गोष्ट निघाली. रामरावांचं एक पार्सल आलं होतं, त्यावर लांबलचक नाव. रामिरो एक्स्पोसितो मोलिना. मी विचारलं, ही दोन-दोन आडनावं कशाला? पहिलं बापाचं, दुसरं आईचं. त्यांच्याकडे सगळेच दोन लावतात. लग्नानंतर बाई आपलं बदलत नाही.

गिरीशनं आमचं सांगितलं. टाकसाळे, म्हणजे आमचे पूर्वज नाणी पाडायच्या टाकसाळीवर होते. मीही भर घातली. किती पिढ्या, कुठून कुठं आलो. आमच्या ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण ही कहाणी ते सांगायचे त्याच ऐटीत मी सांगते, असं गिरीश म्हणतो.

मग त्याची पाळी. मोलिना म्हणजे चक्की. आईकडचे पूर्वज पीठ दळायचे. पूजा म्हणाली, "करोंद मंडीत आमचा गहूवाला आहे, त्याच्याशी तुमचं जमेल." सगळे हसलो.

"आणि एक्स्पोसितो?" मी विचारलं.

त्यानं पुढची रिकामी वाटी उचलली. उठला, दार उघडलं आणि वाटी उंबऱ्याच्या बाहेर ठेवून परत येऊन बसला. "ऐसा," कारखान्यात शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "बाहर रखा हुआ."

जुन्या काळी त्यांच्याकडे नको असलेली मुलं लोक चर्चच्या किंवा इस्पितळाच्या दारात ठेवून जात. पुढं भिंतीतच एक लाकडी गोल कप्पा करू लागले. बाहेरून बाळ आत ठेवायचं, कप्पा फिरवायचा, घंटा वाजवायची. आतली नन बाळ उचलून घ्यायची. कोण ठेवून गेलं ते कुणी बघायचं नाही. अशा मुलांना आडनाव कुठून आणणार? मग कितीतरी ठिकाणी सगळ्यांना एकच देऊन टाकायचे. एक्स्पोसितो. लॅटिन शब्द. एक्स म्हणजे बाहेर, पोसितुस म्हणजे ठेवलेला. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, सवय जात नाही. त्याचं बोलणं चालू असताना मी मनात विग्रह करून मोकळी झाले होते.

आम्ही टाकसाळीचं जितक्या सहज सांगितलं तितक्याच सहज त्यानं हे सांगितलं आणि वांग्याचं भरीत आणखी वाढून घेतलं. पूजाचा घास हातातच राहिला होता. गिरीशनं मशीनचा विषय काढला.

नंतर मी ती वाटी आत आणून धुतली. मग परत धुतली. का, ते माझं मलाच कळलं नाही. चांगलं वाटलं नाही एवढं खरं.

२४ नोव्हेंबर

असलं नाव जन्मभर मिरवायचं! आणि वर सांगताना हसायचं!

३० नोव्हेंबर, रविवार

गिरीशनं मोबाइलवर शोधून काढलं. स्पेनमध्ये हे आडनाव हजारो लोकांचं आहे. दक्षिणेकडे जास्त, रामरावांचा खाएन जिल्हा तिकडचाच. इटलीत याचंच भावंड आहे, एस्पोसितो, आणि नेपल्स शहरात तर ते गल्लोगल्ली सापडतं. वकील, डॉक्टर, फुटबॉल खेळणारे, सगळे आहेत.

रामराव म्हणाले, त्यांच्या शाळेत मास्तरांनी "एक्स्पोसितो" अशी हाक मारली की चार पोरं उभी राहायची. मास्तर वैतागायचे.

मी विचारलं, "म्हणजे भाऊबंद सगळे?"

"नाही. कुणाचं कुणाशी नातं नाही."

"मग?"

"सगळे एकाच दारातून आत आले," असं काहीसं म्हणाला. त्याची इंग्रजी आणि माझी इंग्रजी, बरोबर समजलं की नाही कोण जाणे.

७ डिसेंबर, रविवार

गच्चीवर उन्हात मटार सोलत होते. रामराव वर होतेच, येऊन बसले, सोलायला लागले. दाणे भांड्यात कमी, तोंडात जास्त. मी म्हटलं, राग येणार नसेल तर एक विचारते. हे नाव तुमच्या घरानं बदललं का नाही?

राग नाही आला. म्हणाला, बदलता येत होतं. शंभरेक वर्षांपूर्वी तसा कायदाच झाला. ज्याला हे नाव नको त्यानं अर्ज करावा, दुसरं घ्यावं. बऱ्याच जणांनी घेतलं. त्याचे पणजोबासुद्धा घ्यायला गेले होते. तेच ते कप्प्यात ठेवलेलं बाळ. गावातल्या एका ऑलिव्हच्या बागेत राबणाऱ्या बाईनं त्यांना दूध पाजून वाढवलं. मोठे झाले, लग्न झालं, मुलंबाळं झाली. कायदा आल्यावर चांगले कपडे घालून शहरात गेले. साहेबानं विचारलं, "कोणतं नाव लावू?" आणि पणजोबांना सांगता येईना. कुठलंही घेतलं तरी ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं. हे निदान स्वतःचं होतं. तसेच घरी परत आले.

"आईवर राग नव्हता त्यांचा?"

रामरावांनी एक शेंग उगाच परत मिटवून बघितली. मग म्हणाले, "आजी सांगायची, पणजोबा म्हणत, तिनं मला रस्त्यावर नाही टाकलं. दारात ठेवलं. आणि घंटा वाजवली."

भांडं भरल्यावर मी खाली आले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

नंबर आला! पूजाच्या मोबाइलवर आला. फोटो आणि माहिती.

तान्हं नाही. मुलगी आहे, सहा वर्षांची. गेल्या वर्षीच दोघांनी वयाची अट बदलून मोठं मूल चालेल असं कळवलं होतं. मला सांगितलं नव्हतं. सागरकडच्या एका संस्थेत आहे. नाव बेला. आडनावाच्या जागी एक रेघ.

फोटोत घट्ट दोन वेण्या. एक रिबीन सुटत आलेली. कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला कुणाकडे तरी बघतेय. हो की नाही ते दोन दिवसांत कळवायचं आहे.

"एवढी मोठी?" माझ्या तोंडून गेलंच.

"हो आई. एवढी मोठी." पूजानं फोन माझ्या हातातून घेतला आणि आत गेली.

झालं. नागपूरला जाऊन यायचं माझं गणित संपलं. सहा वर्षांची मुलगी पदराखाली झाकून आणता येत नाही. सगळी कॉलनी बघणार. सगळ्यांना कळणार. त्या मुलीला तर आधीपासूनच ठाऊक आहे.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी गिरीश स्वयंपाकघरात आला. ओट्याला टेकून उभा राहिला, दहावीच्या निकालाच्या दिवशी उभा होता तसाच.

"आई, तुला नको असेल तर आत्ता सांग. आणल्यावर ते तिला कळता कामा नये."

"पूजा काय म्हणते?"

"पूजा सहा वर्षांच्या मुलीला कुठल्या नंबरचे बूट होतात ते बघत बसलीय."

मी कणीक मळत राहिले. तो पुढं म्हणाला, आणि अगदी हळू म्हणाला, "आम्ही वेगळं राहिलो तरी चालेल. कोलार रोडला मिळतात फ्लॅट. तुझ्यावर राग नाही आई. खरंच नाही."

राग नाही म्हणाला, तेच लागलं. चिडला असता तर मीही चार शब्द सुनावले असते.

दुपारी जिना चढून वर गेले. रामराव शर्टाला बटण लावत होते, वाईट लावत होते. मी हातातून घेतलं. लावता लावता विचारलं, "लहानपणी चिडवायचे का हो तुम्हाला? नावावरून?"

चिडवायचे. शाळेत एवढे चौघं होते तरी चिडवायचे. एक मुलगा तर रोज म्हणायचा, तुझं घर म्हणजे उकिरडा. एकदा रामराव रडत घरी गेले. आजीनं फक्त विचारलं, "कोण?" नाव सांगितलं. आजीनं स्वयंपाकाचा ॲप्रन सुद्धा सोडला नाही. तशीच नातवाचा हात धरून त्या मुलाच्या घरी गेली आणि दार ठोठावलं. त्या घरातली मंडळी बाहेर आली. आजी म्हणाली, "मी एक्स्पोसितोंची आजी. काही म्हणायचं असेल तर मला म्हणा." बस, एवढंच. आणि परत आली.

"तिचं स्वतःचं आडनाव वेगळं होतं," रामराव म्हणाले. "तिला हे सांगायची काही गरज नव्हती."

बटण लावून झालं. दोरा दातानं तोडला. जिना उतरताना मला सारखं वाटत होतं, त्या फोटोतल्या मुलीला उद्या कुणी काही म्हटलं तर कोण जाणार आहे हात धरून? गिरीश कारखान्यात, पूजा बँकेत. दुपारी घरात असणार कोण?

पूजा पलंगावर बसली होती. मी दारातूनच विचारलं, "बुटांचा नंबर कळला?"

"नाही. मुलांचे पाय वेगवेगळे असतात."

"मग तिथल्या बाईंना पाय कागदावर आखून पाठवायला सांग. आणि कळवायचं ते उद्यावर कशाला ठेवता? आजच हो कळवा."

तिनं उठून चहा ठेवला. माझ्या कपात साखर घातली. डॉक्टरांनी बंद केलीय हे तिच्याच लक्षात असतं एरवी. मी मुकाट्यानं प्यायले. छान लागला.

४ जानेवारी, रविवार

बिट्टन मार्केटला भाजीला गेले होते, तिथं कांचन भेटली. आमच्या महिला मंडळातली. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. चांगलं केलंत म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मग मेथी निवडता निवडता, "अगं, नाव तेवढं बदलून घ्या. नव्या घरी नवं नाव बरं असतं."

माझं बदललं होतं की. माहेरची मी कुसुम. लग्नात तांदळात वैजयंती लिहिलं आणि सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले. कितीतरी दिवस सासूबाई वैजयंती म्हणून हाक मारायच्या आणि मी आपली भांडी घासत असायची. त्यांना वाटायचं, मुलगी बहिरी आहे की काय.

कांचनला म्हटलं, "तिच्याबरोबर येण्यासारखं तेवढंच आहे तिचं. राहू दे."

११ जानेवारी, रविवार

दोघं सागरला जाऊन भेटून आले. बोलली नाही म्हणे. पूजानं केळं दिलं ते अर्धं खाऊन अर्धं फ्रॉकच्या खिशात ठेवलं. बाकीची कागदपत्रं होताहेत.

संध्याकाळी मीच ग्वाल्हेरला फोन लावला. "भावजी, ती रिकामी जागा. तिथं बेला लिहा."

"अरे वा! पण वहिनी, पुढं दत्तक असं लिहावं लागेल. नियम आहे."

"लिहा. आम्हाला कुठं लपवायचंय?"

बोलून गेले, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे मी बोलले.

२२ जानेवारी, गुरुवार

आली. रडली नाही. दारात थांबली. आत ये म्हटल्यावरच आत आली. चपला काढून भिंतीला अगदी सरळ लावल्या. घर बघून झाल्यावर पूजाला म्हणाली, "दीदी, मेरा पलंग नंबर कौन सा है?"

गिरीश म्हणाला, "नंबर नहीं है बेटा. बस तेरा है."

माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

२७ जानेवारी

मी केलेला शिरा नको, पोळीचा लाडू नको. रामरावांनी बटाटा-अंड्याचं त्यांच्याकडचं थालीपीठ केलं, ते बोटं चाटून खाल्लं. त्यांचं टक्कल तिला फार आवडतं. हात लावून बघते. मी इथं पहाटेपासून खपतेय आणि पोरगी टकलावर खूश! हेवा वाटतो, खोटं कशाला लिहू.

तिच्या उशीखाली अर्धी पोळी सापडली. काढली नाही. फक्त बदलून ताजी ठेवली.

१ फेब्रुवारी, रविवार

एप्रिलपासून शाळेत घालायची, म्हणून पूजा नाव लिहायला शिकवतेय. बेला टाकसाळे. 'ळ' काही केल्या जमत नाही. "ये कैसा अक्षर है? दो पेट वाला." तिच्या हिंदीत हे अक्षर आलंच नव्हतं कधी. रामरावांनाही म्हणता येत नाही. दोघं टाकसाले, टाकसाले करत बसतात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी बेलाच्या हातून बाटली फुटली. रामरावांनी गावाहून आणलेलं ऑलिव्हचं तेल, नेमकं तेच. मी आवाज ऐकून गेले तर फरशीभर तेल आणि काचा, पोरगी कुठंच नाही. वर बघितलं, मागे बघितलं. शेवटी पुढच्या दारात सापडली. चपला घातलेल्या. मांडीवर संस्थेतून आणलेली पिशवी, त्यात कपडे भरलेले.

"अब जाना है ना?" मला विचारलं. रडत नव्हती. गाडी कधी सुटते विचारावं तसं विचारत होती.

मीही पायरीवर बसले. म्हटलं, "कहाँ जाना है? तेल कौन पोंछेगा?"

मग आम्ही दोघींनी पुसलं. काचा मी वेचल्या. तिला जुन्या साडीचा बोळा दिला. पूजा बँकेतून आल्यावर तिला सांगितलं. तिनं पिशवी रिकामी केली, कपडे कपाटात लावले आणि ती पिशवी भाजीची करून टाकली. रामरावांना कळलं तेव्हा म्हणाले, "मेरे घर में मैंने तीन तोड़ा." बेलानं त्यांच्याकडे तिन्ही बाटल्यांची चौकशी केली. कशा फुटल्या, कुणी मारलं का.

८ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी बागेत घेऊन गेले. तिकडच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "ये किसकी है?" ओळखीच्या आहेत, गिरीशच्या लग्नाला आल्या होत्या.

"पोती है मेरी."

"पर गिरीश को तो..."

"हाँ. छह साल की मिली है हमें. बेला नाम है. कुछ पूछना हो तो मुझसे पूछिए."

त्यांनी शाल सारखी केली. बेला झोक्यावरून ऐकत होती. मी तिचा हात धरून गेटापर्यंत आले. माझं गाड्यांकडे लक्षच नव्हतं. रस्ता ओलांडताना तिनंच मला थांबवलं. "गाड़ी आ रही है."

१४ फेब्रुवारी

मशीन चालू झालं. रामराव गेले. मेतकूट, लिंबाचं लोणचं, साजूक तूप, विमानात नेऊ देतात तेवढं सगळं बांधून दिलं. वाकून नमस्कार केला मला. कुणी शिकवला कोण जाणे. मी त्यांच्या टकलावर हात ठेवला. बेला जिन्यात बसून राहिली, खाली आलीच नाही. त्यांनी खालूनच हाक मारली, "बेला टाकसाले!" तर वरून बारीक आवाजात उत्तर आलं, "टाकसाळे!" जमलं तिला.

वरची खोली झाडताना सारखी दारापाशी थांबत होते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी घरात आम्ही दोघीच. व्हरांड्यात मी पालक निवडत होते. बेला समोर बसून कधीची माझ्याकडे बघत होती. मग विचारलं, "दादी, आपको यहाँ कौन छोड़ के गया?"

मला आधी कळेचना. मग कळलं. म्हटलं, "तेरे दादाजी."

"लेने आएँगे?"

"नहीं बेटा. अब नहीं आएँगे."

तिनं विचार केला. माझ्या मांडीवरचा थोडा पालक उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"तो यहीं रह जाओ," म्हणाली. "यहाँ से किसी को वापस नहीं भेजते."

मी म्हटलं, "अच्छा. रह जाती हूँ."